तीन मिलिमीटर शिल्लक

भायखळा, मुंबई २७
ज्येष्ठ, पावसाच्या तोंडावर

चि. बाय,

तू पाठवलेला एस्टिमेटचा फोटो काकाने दोनदा वाचला, एकदा काकूला वाचून दाखवला आणि मग चप्पल पायात सरकवून तो थेट खाली मिस्त्रीकडे गेला. पुढचे ब्रेक पॅड २,४५०. दोन डिस्क ५,८००. मागचे ब्रेक शू २,३००. ब्रेक ऑइल ८५०. ‘ब्रेक सर्व्हिसिंग’ १,१००. मजुरी १,७००. एकूण १४,२०० रुपये. गाडी दहा वर्षांची, तीही दुसऱ्याकडून घेतलेली, आणि घेऊन जेमतेम चार महिने झालेले. फोटोखाली तू एकच ओळ लिहिलीस, ‘काका, एवढं सगळं खरंच लागतं का?’

मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. हात ग्रीसने माखलेले, म्हणून त्याने फोन घेतला नाही. वाचून दाखवा म्हणाला. यादी संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, “चाक खोलून बघितलं का कोणी?”

नव्हतं बघितलं. तूच सांगितलंस की गाडी तासभर आवारात उभी होती, काउंटरवरच्या मुलाने किलोमीटर विचारले, कीबोर्ड बडवला आणि कागद हातात ठेवला. गाडीचं एकही चाक निघालं नाही. दातांच्या डॉक्टरने तोंडात न बघता दाढ काढायला सांगितली तर बाय खुर्चीतून उठून घरी येईल. इथेही तेच करायचं. कागद ठेवून दे, पैसे भरू नकोस आणि पुढचं सावकाश वाच. ब्रेकवर खर्च करायचाच आहे, तो टाळायचा नाही. फक्त जो लागतो तोच करायचा.

मिस्त्रीने पत्र्याच्या डब्यातून एक जुना पॅड काढून काकाच्या तळहातावर ठेवला. हाताला जड लागतो. पाठीला पोलादी पत्रा आणि त्यावर घट्ट चिकटवलेला काळपट मसाला. मिस्त्री लोक त्याला मसालाच म्हणतात. धातूचा चुरा, ग्रॅफाइट, तंतू आणि राळ हे सगळं दाबून, भाजून तो तयार होतो. नवीन असताना हा थर दहा-बारा मिलिमीटर जाड असतो, काही छोट्या गाड्यांत नऊही. काकाच्या हातातल्या पॅडवर तो काडेपेटीतल्या काडीएवढा उरला होता, म्हणजे दोन मिलिमीटरच्या आसपास. मधून जाणारी खाच पुसून गेली होती आणि एका कडेला मसाला निळसर करपला होता. मिस्त्रीने त्यावर अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाला, “ह्याने अजून महिनाभर गाडी थांबली असती. त्याच्यापुढे पत्र्याने थांबली असती.”

पत्र्याने थांबणं म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण १४,२०० आणि तीन हजार यांच्यातला फरक तिथेच आहे. चाकाबरोबर बिडाची एक जाड थाळी फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो आणि त्यांना धरून ठेवणारा लोखंडी चिमटा असतो, तो कॅलिपर. पाय पेडलवर पडला की ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड थाळीला आवळतात. माणसांसकट हजार किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली की जवळपास अर्धा लिटर पाणी माठातल्या पाण्यापासून उकळीपर्यंत जाईल इतकी उष्णता तयार होते. आणि वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. लालबागचा पूल उतरून भायखळ्याच्या सिग्नलला थांबलं की प्रत्येक वेळी चार चाकांनी मिळून एवढी आग पोटात घ्यायची. त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांचा, कारण ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे झुकतं. म्हणून पुढचे पॅड आधी झिजतात. मागचे शू ड्रमच्या आत बसून बरेच दिवस काढतात. मसाला संपला की पत्रा थाळीवर घासतो, थाळीवर चर पडतात आणि मग डिस्क बदलल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. दोन हजारांचं काम वेळेवर झालं नाही की आठ-दहा हजारांचं होतं ते असं.

बऱ्याच पॅडना या दिवसासाठी एक छोटी पत्र्याची जीभ लावलेली असते. मसाला तीन मिलिमीटरच्या आसपास आला की ती थाळीला टेकते आणि बारीक, कानात घुसणारी शीळ घालते. ब्रेक हलका दाबला की आवाज, सोडला की बंद. ही शीळ ऐकली की आठवड्याभरात पॅड बदलून घ्यायचे. पण शीळ जाऊन खरखर आली, पेडलखाली वाळू भरडल्यासारखं वाटलं, तर गाडी त्याच दिवशी उभी करायची. पहिल्या पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला सकाळी दोन-तीन ब्रेकपर्यंत अशीच खरखर येते. ती थाळीवरच्या पातळ गंजाची असते आणि लगेच जाते. तिला घाबरू नकोस.

बाय, तुझ्या आजोबांचं हे सगळं पाठ होतं, आणि त्यांच्या गाडीला तर डिस्कच नव्हती. त्यांची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कारखान्यात बनलेली. चारी चाकांना ड्रम. ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू आणि शूवर ब्रेकचं लायनर. लायनर झिजलं की शू फेकत नसत. जुने रिव्हेट तोडायचे, नवीन लायनर बसवायचं, पुन्हा रिव्हेट ठोकायचे. याला ‘लायनर मारणं’ म्हणत. शूचा लोखंडी सांगाडा एकदा घेतला की वर्षानुवर्षं तोच. पैसे पडत ते लायनरचे आणि ठोकणाऱ्याच्या मजुरीचे.

आजोबांची वही काकाकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे उंदराने कुरतडलेली. एका पानावर तारीख, मीटरचा आकडा आणि पुढे ‘पुढील दोन लायनर मारले, फेरोडो. ऑइल पाव बाटली. ड्रम बरे आहेत.’ पंधरा-वीस पानांमागे पुन्हा तशीच ओळ, आणि दोन आकड्यांची वजाबाकी समासात शिसपेन्सिलने केलेली. म्हणजे लायनर किती किलोमीटर चाललं ते त्यांना नेमकं माहीत असे. ताडदेवच्या आरटीओत पासिंगला न्यायच्या आधी तर ते ड्रम उघडून बघतच, पण एरवीही महिन्यातून एकदा जॅक लावून चाक हाताने फिरवत आणि कान देऊन ऐकत. वाळकेश्वरचा उतार पॅसेंजर घेऊन रोज उतरणाऱ्या माणसाची ही सवय. त्या पद्मिनी आता गेल्या. शेवटची ताडदेवला नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. त्या दिवशी स्टेशनबाहेरच्या स्टँडवर काका मुद्दाम जाऊन उभा राहिला होता.

वहीतला ‘फेरोडो’ हा शब्द कुठून आला ते काकाला फार उशिरा कळलं. हर्बर्ट फ्रूड नावाच्या इंग्रजाने १८९७ च्या सुमारास डोंगराळ भागात घोडागाड्या उतारावरून येताना पाहिल्या. गाडीवाले ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचं कातडं बांधत. त्यावरून त्याने ब्रेकसाठी खास अस्तर तयार केलं. फ्रूडच्या अक्षरांची उलटापालट करून आणि बायकोच्या एलिझाबेथ या नावातलं पहिलं अक्षर जोडून फेरोडो हे नाव झालं. घाटकोपरला लाल बहादूर शास्त्री मार्गावर हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता, आजोबांची लायनरं तिथून आलेली असणार.

फ्रूडच्याही नऊ वर्षं आधीची गोष्ट आणखी सुंदर आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला, माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटरचा पल्ला, आणि इतकं लांब तोवर मोटारीने कोणी गेलंच नव्हतं. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजत चालले, तेव्हा तिने वाटेतल्या गावात चांभार गाठला आणि ठोकळ्यांवर कातडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनिंग ते हेच मानतात. गाडी बनवणारा घरी होता, गाडी चालवणारीने ब्रेक दुरुस्त केला, आणि तोही पायताणं शिवणाऱ्याकडून. ‘बायकांना गाडीतलं काय कळतं’ असं तुला कोणी काउंटरवरून सुचवलं तर हे लक्षात ठेव.

एका बाबतीत मात्र आजोबांचा काळ परत नको. तेव्हाच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. ड्रम उघडला की आत साचलेली राखाडी पूड पोरं तोंडाने फुंकून उडवत, नाहीतर हवेच्या नळीने. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि वीस-तीस वर्षांनी छातीचा विकार किंवा कर्करोग होऊन वर येतात. मुंबईतल्याच एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांची तपासणी करून डॉक्टरांनी २००५ मध्ये निबंध छापला, त्यात ॲस्बेस्टोसिस झालेली माणसं सापडली होती. आज चांगल्या कंपन्यांच्या पॅडच्या खोक्यावर ‘ॲस्बेस्टॉस नाही’ असं छापलेलं असतं. ते वाचूनच घ्यायचं. आणि खोक्यावर काहीही असो, चाक उघडल्यावर पूड फुंकायची नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने काढायची. आपला मिस्त्री हे करतो. त्याच्याकडचा नवा पोरगा विसरतो, तेव्हा त्याला ओरडा बसतो.

आता पैशांकडे येऊ. भायखळ्याचे टॅक्सीवाले दुरुस्तीचे दोन भाग करतात, माल आणि मजुरी. माल स्वतः दुकानातून बिलाने आणायचा, मजुरी ओळखीच्या मिस्त्रीला द्यायची. मालासाठी इथून ऑपेरा हाउसकडे जायचं. चर्नी रोडच्या त्या पट्ट्यात गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. काका परवा संध्याकाळी जाऊन आला. तुझ्या आरसीचा फोटो त्याने दाखवला, कारण एकाच मॉडेलला सालाप्रमाणे वेगळे पॅड लागतात आणि नुसतं गाडीचं नाव सांगून आणलेला सेट अर्ध्या वेळा परत न्यावा लागतो. दुकानदाराने काउंटरवर तीन खोकी मांडली.

पहिलं गाडीच्या कंपनीचं नाव आणि होलोग्राम असलेलं. दुसरं ब्रेकचे भाग बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचं, किंमत १,६५० रुपये. चेन्नईच्या ब्रेक्स इंडिया आणि राणे यांसारख्या कंपन्या गाड्यांच्या कारखान्यांनाही माल पुरवतात आणि स्वतःच्या खोक्यात बाजारातही विकतात, म्हणून या दुसऱ्या खोक्यात बहुतेक वेळा काही कमी नसतं. तिसरं खोकं साडेचारशेचं. नाव कधी न ऐकलेलं, पत्ता नाही, छापील किंमत नाही, खोक्यावरचं एक अक्षर तिरकं. काकाने तिसऱ्यातला पॅड हातात घेतला. मसाला पत्र्याला जिथे चिकटतो तिथे एका कडेला केसाएवढी फट दिसत होती. गरम झाल्यावर मसाला पत्र्यापासून सुटला तर त्या चाकाला ब्रेकच उरत नाही. पद्मिनीच्या शूवर लायनर मारून घेणं ठीक होतं, तिथे रिव्हेट होते. डिस्कच्या जुन्या पॅडवर नवा मसाला चिकटवून देतो म्हणणारे आजही भेटतात, त्यांच्याकडे पाऊलसुद्धा टाकू नकोस. साडेचारशे आणि साडेसोळाशे यांच्यातले बाराशे रुपये हा वाचवायचा पैसा नव्हे.

आणखी एक गोष्ट दुकानातच बघायची. पॅडच्या कडेला किंवा पाठीवर बारीक आकड्यांच्या रांगेत बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं असतात, एफएफ, जीजी, कधी ईई. पहिलं अक्षर पॅड साधारण गरम असतानाची पकड सांगतं, दुसरं खूप तापल्यावरची. ईईची पकड कमी, एफएफची त्याहून बरी, जीजीची आणखी घट्ट. रोजच्या गाडीला एफएफ उत्तम. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो, घाटात जाणाऱ्या गाडीला तो नको. ही अक्षरं जिवाची हमी देत नाहीत, टिकाऊपणाबद्दलही काही सांगत नाहीत. पण बनवणाऱ्याने माल तपासून बघितला आहे एवढं कळतं.

बिल मागायचंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, पूर्वी बऱ्याच भागांवर २८ होता. छापील किंमत जुनी असली तर तेवढं बोलून घ्यायचं. ‘बिल नको तर दोनशे कमी’ असं कोणी म्हणालं तर नको सांगायचं. पॅड खोटा निघाला तर दाखवायला हातात तो एकच कागद असतो.

बाहेर काम केलं म्हणून पुढे सर्व्हिस सेंटरवाले हात वर करतील, ही तुझी भीती. दहा वर्षांच्या गाडीला वॉरंटी कसली उरली? पण नव्या गाडीचीही गोष्ट तुझ्या मैत्रिणींसाठी सांगून ठेवतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला. या कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइकाला आणि बाहेरच्या गॅरेजला पर्याय उरत नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. सुटे भाग बाजारात मिळाले पाहिजेत आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असंही आदेशात होतं. पुढे अपिलं झाली, दंडाच्या रकमेवर वर्षानुवर्षं भांडण चाललं. पण आपल्या मिस्त्रीसारख्या हजारो गॅरेजवाल्यांचं म्हणणं पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत मांडलं गेलं. काकाला हा निकाल फार मोठा वाटतो. त्याची बातमी छापून आली तेव्हा ती आपल्या गल्लीत कोणी वाचलीसुद्धा नाही, याचं वाईट वाटतं.

डिस्कचे ५,८०० द्यायचे की नाही, हे चाक उघडल्यावर पाच मिनिटांत कळेल. प्रत्येक डिस्कची किमान जाडी ठरलेली असते आणि बहुधा तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. मिस्त्री व्हर्निअरने चार ठिकाणी मोजतो. कडेला उभी राहिलेली कंगोऱ्याची रेघ धरायची नाही, आतल्या झिजलेल्या भागाची जाडी धरायची. जाडी पुरेशी आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर डिस्कला हात लावायचा नाही. नख अडकेल असे चर असतील, किंवा ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरत असेल, पण जाडी शिल्लक असेल, तर लेथवर टर्निंग करून घ्यायचं. दोन्हींचे मिळून आठशे रुपये पडतात. टर्निंगनंतरही किमान जाडीच्या वर राहिली पाहिजे, हे मोजून घ्यायचं. खाली गेली तर नवीन घ्यायची, आणि मग त्यात कुरकुर नको. पॅड असो की डिस्क, पुढच्या दोन्ही चाकांचं काम एकदमच करायचं. एका चाकाला नवं आणि दुसऱ्याला जुनं ठेवलं तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते.

मागच्या शूंचंही तसंच. ड्रम काढून बघितल्याशिवाय २,३०० कोणाला देऊ नकोस.

जुने पॅड निघतील तेव्हा चारही शेजारी शेजारी ठेवून बघ. सारखे झिजले असतील तर ठीक. एका बाजूचा आतला पॅड पापडासारखा आणि बाहेरचा जाडजूड असेल तर दोष पॅडचा नाही. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्या गंजून अडकल्या आहेत. पिना काढून, पुसून, रबर खराब न करणारं ब्रेकचं ग्रीस लावलं की काम झालं, वीस मिनिटांची मजुरी. हे न करता नवे पॅड घातले तर वर्षाच्या आत पुन्हा तीच शीळ ऐकू येईल. सर्व्हिस सेंटरच्या यादीत पिनांचा उल्लेख नव्हता. मिस्त्रीने मागाहून मुद्दाम त्यांचीच चौकशी केली.

काम होताना तिथे उभी राहा. तासाभराचं आहे. चाकाचे नट जमिनीवर असतानाच ढिले करतात, मग जॅक, जॅकशेजारी स्टँड आणि मागच्या चाकाला लाकडी ठोकळा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणी हात आत घातला तर थांबव त्याला. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलतात, किंवा पूर्ण काढून तारेने टांगतात. रबरी नळीवर लोंबकळत ठेवत नाहीत. ऑइलच्या डबीचं झाकण उघडून पिस्टन हळूहळू मागे दाबायचा, कारण नवा पॅड जाड असतो. ऑइल वर येतं, सांडलं तर रंग खातं, म्हणून लगेच पाण्याने पुसायचं. पॅडच्या तोंडाला ग्रीसचा बोटभरही डाग नको. बोल्ट आवळले, चाक चढवलं की झालं.

नाही, झालं नाही. इथे काकाची एक आठवण आहे आणि ती सांगायलाच हवी. जुन्या मारुती ८००चे पॅड एकदा दुसऱ्याच भागातल्या एका गॅरेजात बदलले होते. पोराने किल्ली दिली, काका बसला, गाडी गल्लीतून बाहेर काढली आणि भाजीची हातगाडी आडवी आली म्हणून ब्रेकवर पाय ठेवला. पेडल थेट जमिनीला टेकलं. हँडब्रेक ओढेपर्यंत गाडी हातगाडीवर गेली. माणूस बाजूला उडी मारून वाचला, टोमॅटोचा रस्त्यावर चिखल झाला. बिघाड काहीच नव्हता. पिस्टन मागे दाबलेला असतो, तो पुन्हा पॅडपर्यंत यायला पेडल चार-पाच वेळा दाबावं लागतं, आणि ते कोणी दाबलं नव्हतं. टोमॅटोचे पैसे दिले. पण त्या भाजीवाल्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हा बाय, इंजिन चालू केल्यावर, गाडी जागची हलण्याआधी, पेडल पायाला कडक लागेपर्यंत दाबत राहायचं. मिस्त्रीने दाबलं असलं तरी तू पुन्हा दाब. मग ऑइलची पातळी बघ आणि मगच गिअर टाक.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर पॅड सेट होऊ दे. मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून हलक्या पायाने वीसपर्यंत यायचं, थोडं जाऊ द्यायचं, पुन्हा तसंच, दहा-पंधरा वेळा. जीव वाचवायची वेळ आली तर अर्थात पूर्ण दाबायचा, एरवी करकचून ब्रेक नको आणि तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहणंही नको.

ऑइलचा खर्च मात्र यादीतला खरा आहे, फक्त ८५० नाही. डॉट ४ची अर्ध्या लिटरची बाटली अडीचशेच्या आसपास मिळते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मुंबईच्या हवेत पाण्याला तोटा नाही. नवीन डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेलं १५५ अंशांवरही उकळू शकतं. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पेडल पोकळ लागतं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं. आधीच्या मालकाने शेवटचं कधी बदललं ते कोणालाच माहीत नाही आणि डबीतला रंग चहासारखा झालेला तुझ्याच दुसऱ्या फोटोत दिसतोय.

गणपतीला गाडी घेऊन चिपळूणला जाणार म्हणतेस, म्हणून हे आत्ताच. कशेडीला बोगदा झाला तरी परशुराम घाट आहेच, आणि पावसात पुढच्या ट्रकचे दिवे ऐनवेळी दिसतात. उतार ज्या गिअरमध्ये चढली असतीस त्याच गिअरमध्ये उतर. इंजिनाला गाडी धरू दे आणि ब्रेक अधूनमधून वापर. पाय सतत पेडलवर टेकवून उतरणाऱ्यांचे पॅड घाटातच करपतात. पाण्यातून गाडी काढलीस तर पुढे गेल्यावर दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबून थाळ्या वाळवून घे.

हिशेब असा. पॅड १,६५०, ऑइल २५०, पॅड बसवायची मजुरी आणि पिनांची सफाई मिळून ५००, ऑइल बदलायचे ३००. एकूण २,७००. टर्निंग लागलं तर ३,५००. मागचे शू संपलेले निघाले तर त्यांचे वेगळे, ते बघून ठरवू. मिस्त्रीने मजुरी आधी सांगितली आहे, तीत घासाघीस करायची नाही. तो खेडचा आहे. त्याच्या वडिलांनी आजोबांच्या पद्मिनीचे ड्रम उघडले होते आणि अंगाखाली गोणपाट टाकून रस्त्यावर झोपून काम केलं होतं. पाचशे रुपयांत माणूस तासभर तुझ्या जिवाचं काम करतो. त्यातले पन्नास कापून आपल्याला काय मिळणार?

रविवारी सकाळी दहापर्यंत ये. मिस्त्री तेव्हा शटर उघडतो आणि पहिली गाडी तुझी घेईन म्हणाला आहे. शनिवारी रात्री इथेच राहायला आलीस तर गाडी सकाळी थंडच असेल. तापलेल्या डिस्कला हात लावता येत नाही. आरसीची झेरॉक्स आण. पॅडचं खोकं काका शनिवारी आणून ठेवेल, तू आल्यावर तुझ्यासमोर उघडेल.

काकूने विचारलं आहे, तिसऱ्या मजल्यावर चढताना आईचे गुडघे कसे आहेत. तिलाही घेऊन ये.

तुझा,
काका

ता. क. मिस्त्रीला सांगून जुने पॅड पिशवीत घालून घे, तिथे टाकू नकोस. वर आल्यावर चारही मोजू. आणि निघताना मीटरचा आकडा बघून ये, आजोबांच्या वहीत शेवटची अकरा पानं कोरी आहेत.